खंडेनवमीची फेरी

गणपती बोळवून झाले की माझ्या पोटात गोळा यायला लागतो. घरचे म्हणतात, पित्त आहे. पित्त नाही, जिनिंग आहे. उमापूरच्या रस्त्याला आमची कापसाची जिनिंग मिल आहे, तिथलं ऑफिस आणि वजनकाटा मी सांभाळते. पावसाळाभर मिल बंद असते. कामगार आपापल्या गावी असतात. कुणी रानात राबतं, कुणी गवंड्याच्या हाताखाली जातं, कुणी नुसतं पारावर बसतं. दसऱ्याच्या सुमाराला नवा कापूस येतो तेव्हा ही सगळी माणसं परत यायची असतात, आणि येतीलच अशी काही खात्री नसते. उन्हाळ्यात जाताना "येतो अक्का" असं म्हणालेली असतात, तेवढ्यावर आमची अख्खी मिल उभी. मी एकेकाला फोन लावायला घेते आणि पलीकडं नुसती रिंग वाजत राहिली की मला घाम फुटतो. आमचे हे म्हणतात, एवढी काळजी तू पोराच्या बारावीची केली नव्हतीस. खरंय त्यांचं. बारावीत गचकलं तर पोरगं परत परीक्षेला बसतं. जिनवरचा माणूस एकदा गेला की गेला.

जिन म्हणजे कापसातली सरकी बाजूला काढून रुई मोकळी करणारं मशीन. आमच्या शेडमध्ये त्या ओळीनं उभ्या आहेत आणि प्रत्येकीचा माणूस ठरलेला आहे. "माझी जिन" असं ते म्हणतात, मालकाच्या तोंडावर म्हणतात, आणि मालकालाही त्यात काही वावगं वाटत नाही. नवा माणूस आणून उभा करता येतो, नाही असं नाही. पण पहिला महिनाभर तो मशीनला घाबरतो आणि आम्ही त्याला घाबरतो. कापसाचं काम, एक ठिणगी उडाली तर शेड जागेवर राहणार नाही.

गेल्या वर्षी हा गोळा जरा जास्तच मोठा होता. एक तर आमच्यापुढं, त्याच रस्त्याला, नवी जिनिंग उभी राहिली होती. निळे पत्रे, कोऱ्या मशिनी, फाटकावर टोपीवाला वॉचमन. त्यांच्याकडं सगळं होतं, फक्त चालवणारी माणसं नव्हती, आणि ती कुठं मिळतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या माणसांना त्यांचे फोन सुरू झाले. दुसरं म्हणजे आमचे शेठ गुडघ्याच्या ऑपरेशननं अंथरुणावर होते, आणि त्यांच्या थोरल्या मुलानं घरात सांगून टाकलं होतं की या हंगामाला माणसं जमली नाहीत तर मिल मोडायची आणि जागेचं प्लॉटिंग करायचं. रस्त्याकडेची जागा, गिऱ्हाइकाला काय तोटा. शेठच्या धाकट्या सूनबाई तेवढ्या मध्ये पडल्या. म्हणाल्या, एक हंगाम मला द्या, मी चालवून दाखवते. त्या पुण्यात शिकलेल्या, लग्नाआधी एका मोठ्या कंपनीत माणसांचंच खातं बघायच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायला लागलो.

आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या जिनिंगच्या मालकाचा मलाही फोन आला होता. "काट्यावर भरवशाचं माणूस लागतं मला," ते म्हणाले. "किती पाहिजे ते सांगा." मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यांच्या ऑफिसला काचेची केबिन आहे, हे मी बसमधून जाताना पाहिलं होतं. घरीही मी हे बोलले नाही. दिवसभर लोकांना "या बरं का, कुठं जाऊ नका" असे फोन लावायचे आणि आपण मात्र असं कुंपणावर बसायचं. रोज रात्री ठरवायचे की उद्या नाही म्हणून कळवू, आणि सकाळी कळवायचे नाही. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून मला एकदाही वाटलं नव्हतं की मी उठून गेले तर कुणाचं काही अडेल. शेठ भला माणूस, पण ऑफिसात ते यायचे ते चाव्या ठेवायला.

मॅडमनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून विचारलं, "आपली माणसं आपल्याला सोडून का जातील?"

"पगारासाठी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी मान हलवली. "पगार तर लागतोच. पण माणूस टिकतो तो आणखी कशासाठी तरी."

बोलणं पटलं, आणि त्यामुळंच मला जास्त धास्ती वाटायला लागली. कारण ते 'आणखी काही' म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी एकेक करून बघायला सुरुवात केली. सगळ्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप काढला, नाव ठेवलं 'आपला परिवार'. त्यावर लिहिलं, सर्वांनी मोकळेपणाने आपली मतं मांडावीत. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग लागली. एकानं सूर्यफुलाचं चित्र टाकून सुप्रभात केलं, ते दुपारी. मग ऑफिसच्या भिंतीला सूचनापेटी आली. तिच्यात एक चिठ्ठी निघाली की चहात साखर वाढवा, आणि दुसरी निघाली की वाढवू नका, शुगर आहे. मिलचं नाव पाठीवर छापलेले टी-शर्ट आले. ज्यांना आधीपासून बोलावून मशिनींच्या डागडुजीला, साफसफाईला लावलं होतं त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि घरी नेले. अंगात कुणी घातला नाही. मॅडम रोज सकाळी फाटकाकडं बघायच्या आणि मला विचारायच्या, "आवडले नसतील का हो?" मी म्हणायचे, आवडले असतील. माझाच माझ्यावर विश्वास नसायचा.

"ही माणसं बोलत का नाहीत?" एकदा त्या चिडून म्हणाल्या.

"बोलतात की. चहाच्या टपरीवर या, कान किटतील तुमचे."

"मग माझ्याशी का नाही?"

 मी तरी कुठं बोलत होते.

शेवटी त्यांनी ठरवलं की खंडेनवमीला मोठा कार्यक्रम करायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं-अवजारं, मशिनी पुजतात. त्याच दिवशी सगळे एकत्र येतात, तर सगळ्यांसमोर बोलू, पुण्याहून एक वक्ते बोलावू, कामात मन कसं रमवावं यावर ते सांगतील, मग जेवण. त्यांनी मला विचारलं, "खंडेनवमीला मिलमध्ये काय काय असतं?" त्या दिवशी शेठच्या घरच्या बायका घरच्या पूजेत आणि स्वयंपाकात असतात, त्यामुळं मॅडमनी तो दिवस मिलमध्ये कधी बघितलाच नव्हता. मी म्हणाले, पूजा असते, पेढे असतात, चहा असतो. एवढंच आठवलं. बाकी जे असतं त्याला कुणी कधी नाव दिलेलं नव्हतं, मग ते यादीत येणार कसं.

खंडेनवमीच्या सकाळी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.  येतात की निळ्या पत्र्यांकडं जातात, आज कळणार होतं. आणि आली की माणसं. नेकनूरचा एक, पाटोद्याकडचे दोघं-तिघं, बाकीचे जवळपासच्या गावांतले. पुरुषांचे इस्त्रीचे कपडे, बायांच्या डोक्यात शेवंतीच्या वेण्या. हातात झेंडूच्या पिशव्या. "आलो अक्का," म्हणत एकेक जण आत गेला. माझ्या जिवात जीव आला. मॅडमकडं बघून मी मान हलवली, त्यांनी डोळे मिटून घेतले.

मांडव ऑफिससमोर होता. खुर्च्या मांडलेल्या, स्टेजवर पाटाला वस्त्र घालून त्यावर नट आवळायचे पाने, हातोडे, एक जुनं चाक ठेवलेलं. भटजी आलेले. पुण्याचे वक्ते पाण्याची बाटली घेऊन बसलेले. शेठचे थोरले चिरंजीव पहिल्या रांगेत मोबाईल बघत बसले होते. माणसं सगळी शेडमध्ये गेली होती, आता येतील, मग येतील म्हणून आम्ही थांबलो. साउंडवाल्यानं सगळी गाणी संपवून परत पहिल्यापासून लावली. भटजी घड्याळ बघायला लागले. मॅडमनी स्वतः माइक घेतला आणि म्हणाल्या, "सर्वांना विनंती आहे, कृपया मांडवात यावं." कुणी आलं नाही. रस्त्यानं नव्या जिनिंगची जीप हळू करत गेली. रिकाम्या खुर्च्या त्यांना सगळ्या दिसल्या असणार.

"वहिनी, तुम्हाला सांगितलं होतं," थोरले चिरंजीव मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले. "मनानं ती तिकडं गेलेली आहेत. आज नुसती तोंड दाखवायला आलीत."

 मॅडम मला हळूच म्हणाल्या, "हा बहिष्कार आहे का?"  मी म्हटलं, बघून येते, आणि साडी सावरत शेडकडं निघाले. मला वाटत होतं की आत सगळी घोळक्यानं बसलेली असतील आणि मला बघून गप्प होतील.

आत घोळका नव्हता. प्रत्येक माणूस आपापल्या जिनशेजारी उभा होता. जिन पुसून लख्ख, वर झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं, खाली लिंबू. बाया कापूस पसरायच्या ओट्यापाशी, त्यांच्या टोपल्यांनाही हळदकुंकू. आमचा सगळ्यांत जुना फिटर, ज्याला आख्खी मिल मामा म्हणते, तो कोपऱ्यातल्या जिनपाशी. मामांचं घर बौद्ध, ते पूजा करत नाहीत. त्यांनी जिन धुऊन-पुसून, तेल घालून ठेवली होती आणि पुसायचं फडकं घडी घालून बाजूला.  सगळे दाराकडं बघत होते.

"मामा, चला ना हो मांडवात," मी म्हणाले. "मॅडम कवाच्या वाट बघायल्यात."

"आमीच त्यांची वाट बघायलोत," मामा म्हणाले. "आजच्या दिशी मशीन सोडून कसं जावं, अक्का? शेठ न्हाईत, तर मॅडम येतेल असं धरून चाललोत. येत न्हाईत का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेठची फेरी. दर खंडेनवमीला शेठ दारापासून सुरुवात करायचे आणि एकेका जिनपाशी थांबत जायचे. जिनवर हात ठेवायचे आणि विचारायचे, "काय म्हणती?" विचारायचे मशीनचं, आणि माणूसही आधी मशीनचंच सांगायचा. तापते, आवाज करते. मग हळूच, माझ्या बी पाठीचं दुखणं हाय शेठ. मग, पोरीचं जमायलंय, मधी सुट्टी लागंल. शेठ ऐकून घ्यायचे. वर्षभर ते ओरडायचे, त्यांच्यासमोर कुणी ब्र काढायचं नाही, पण त्या दिवशी ओरडणं नाही आणि खोटं बोलणं नाही. अख्खी सकाळ जायची त्यात. मी त्या वेळी ऑफिसात पेढे पुड्यांत भरत असायचे, म्हणून माझ्या लेखी खंडेनवमी म्हणजे पेढे.

मी जवळजवळ पळतच मांडवात आले. "ते रुसलेले नाहीत," मी मॅडमना म्हणाले. "तुमची वाट बघतायत. तुम्हाला आत जावं लागेल."

"मी एवढं सगळं त्यांच्यासाठीच मांडलंय ना इथं?" त्या म्हणाल्या. "आत जाऊन मी काय करायचं?"

"प्रत्येकापाशी थांबायचं. काय म्हणते, असं विचारायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पण उत्तर येईपर्यंत हलायचं नाही."

थोरले चिरंजीव म्हणाले, "म्हणजे मालकानं आता माणसांच्या मागं मागं फिरायचं का?" मॅडमनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि स्टेजवरून उतरल्या. भटजींना म्हणाल्या, तुम्ही पण चला. दाराशी सगळ्यांच्या चपला होत्या, तिथं त्यांनीही आपल्या काढल्या. आणि दारातच थबकल्या. प्रत्येक जिनवर, माळेच्या खाली, एकेक टी-शर्ट घडी घालून ठेवलेला होता, त्यावर कुंकवाचं बोट.

"परत केलेत त्यांनी," त्या मला म्हणाल्या.

"नाही हो. कोरं कापड आधी मशीनपुढं ठेवायचं, मग अंगात घालायचं. उद्यापासून घालतील."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पहिल्या जिनपाशी गेल्या. हात ठेवला. "काय म्हणते?"

"बरंय मॅडम," तो म्हणाला.

दुसरा म्हणाला, ठीक हाय. तिसरा म्हणाला, चांगलं चाललंय. मॅडम वाट बघायच्या, तो माणूस आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायचा, मॅडम पुढं जायच्या.  सांगितलं ते चुकलं की काय? शेठचं वेगळं, ते याच लोकांत म्हातारे झाले. परक्या गावची शिकलेली सून, तिनं तेच शब्द बोलल्यानं तेच थोडंच होणार. मागं दारात थोरले चिरंजीव येऊन उभे राहिले होते.

मॅडम कापसाच्या ओट्यापाशी आल्या आणि विचारायचं सोडून त्या सरळ ओट्यावर बसल्या. समोर कापूस पसरणारी एक मावशी होती, माझ्याही आधीपासून मिलमध्ये असलेली. तिला मॅडम म्हणाल्या, "मला हे जमत नाहीये का हो?"

मावशी हसली. "जमतंय की. पर तुमी लई बिगीनं फुडं जाता. शेठ टेकायचे जरा."

"टेकले मी आता."

"आता टेकलाच हाव तर सांगते." मावशीनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बायांच्या संडासाला आतून कडी न्हाई. एकीनं भाईर राखण करायची, तवा दुसरीनं जायचं. लई दिसांचं हाय हे."

मॅडम बघतच राहिल्या. "मग मला कुणी सांगितलं कसं नाही? ग्रुप होता, पेटी होती."

"ग्रुपवर बाप्ये हायती की," मावशी म्हणाली. "आन् मला कुठं लिवता येतंय."

 मॅडम उठल्या आणि पुढं न जाता परत पहिल्या जिनपाशी गेल्या. त्या माणसाला म्हणाल्या, "मघाशी मी घाईत होते. परत विचारते." तो गडबडला, हसला, डोकं खाजवलं आणि म्हणाला की दुपारची सुट्टी दोन पाळ्यांची एकदम होते, पाण्याच्या नळाला मारामारी होते. हे ऐकून शेजारचा म्हणाला, ते तर हायच, पर फुडच्या लाइटीचं बी सांग. मग बोलणं थांबेचना. मॅडम भिंतीला टेकून, जिनवर हात ठेवून, कधी खाली बसून ऐकत होत्या. होईल म्हणत नव्हत्या, करते म्हणत नव्हत्या, मध्ये एखादा प्रश्न विचारायच्या तेवढंच. पुण्याचे वक्ते चपला काढून आत आले, कोपऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी एक पेढा खाल्ला.

मामा शेवटचे. तिथं जाईपर्यंत शेडमध्ये सगळे परत गप्प झाले होते, कारण मामा ज्या वाटेनं जातील त्या वाटेनं बाकीचे जातील हे सगळ्यांना माहीत होतं. मी खांबाला धरून उभी होते.

"काय म्हणते, मामा?"

"तिकडं जाऊन आलतो मी," मामा म्हणाले. "नव्या मिलमधी."

"कशा आहेत मशिनी?"

"लई चांगल्या हायती. खोटं कावून बोलू?"

"मग जाणार?"

"ठरवलं न्हाई अजून. म्हणलं, आज कोण येतंय ते बघू." मामांनी फडकं उचललं, परत ठेवलं. "मशीनचं म्हणाल तर मशीन बरी हाय. पर आग इझवायच्या वाळूच्या बादल्या त्या मागल्या भितीला हायती, आन् त्यांच्याफुडं सरकीची पोती लावत्यात. पेटलं तर मानसानं आधी पोती हलवावी का बादली घ्यावी, तेवढं सांगा."

मॅडम मागं वळल्या. दारात उभ्या असलेल्या दिरांना म्हणाल्या, "भाऊजी, एक बाजू धराल का पोत्याची?" आणि रेशमी पदर खोचून त्या स्वतः पोत्याला भिडल्या. मग काय, सगळेच धावले. पोती बाजूला गेली, बादल्या दिसायला लागल्या, त्यांतल्या अर्ध्या रिकाम्या होत्या. त्याही भरल्या. त्यानंतर भटजींनी तिथंच, शेडमध्ये, घाईघाईनं मंत्र म्हटले आणि मामांनी आपली जिन एकदा फिरवून दाखवली. मामा दसऱ्याला सकाळी आले आणि हंगामभर येत राहिले. रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा एक जण मात्र तिकडं गेलाच. जाताना मॅडमना येऊन सांगून गेला, असं याआधी कुणी करत नव्हतं.

जेवणं झाली, माणसं पांगली. मी ऑफिसात येऊन चाव्या जागेवर अडकवत होते. सगळ्यांचं झालं, असं म्हणत सुस्कारा सोडला तरी गोळा काही विरघळला नव्हता. मॅडम आत आल्या आणि ड्रायव्हर लोक बसतात ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

"तुम्ही राहिलातच," त्या म्हणाल्या. "काय म्हणताय?"

"बरंय," मी म्हणाले.

त्या हलल्या नाहीत. मी ड्रॉवर उघडला, बंद केला. चुपचाप उभ्या राहणाऱ्या त्या माणसांवर मी इतके दिवस मनातल्या मनात चिडत होते, आणि आता माझीच जीभ टाळ्याला चिकटली होती. समोर कुणी उत्तराची वाट बघत बसलं की बोलणं इतकं अवघड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"मला तिकडून फोन आलाय," मी शेवटी म्हणाले. "काट्यासाठी. मी अजून नाही म्हटलेलं नाही."

"मला वाटलंच होतं. सगळ्यांना करून तुम्हाला ते सोडतील कसे?" त्या खाली बघून म्हणाल्या. "रोज विचारायचं ठरवायचे. भीती वाटायची. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी काय करणार होते? मला तर इथली कुठली चावी कुठल्या कुलपाची तेसुद्धा माहीत नाही."

मला रडू आलं, त्याला काही इलाज नाही. माझ्या जाण्याची कुणालातरी रोज भीती वाटत होती आणि मी मात्र समजून चालले होते की माझी खुर्ची काय आणि कोपऱ्यातला पंखा काय. मग मी सांगितलं. हंगामात ऑफिसात रुईची धूळ उडते, खिडकी शेडकडं आहे, मला दिवाळीनंतर खोकला धरतो तो शिमग्याला सुटतो, डॉक्टर म्हणतात जागा बदला. तिकडं काचेची केबिन आहे.

मॅडमनी खिडकीकडं बघितलं, टेबलावर बोट फिरवून बघितलं. "काच या महिन्यात जमणार नाही," त्या म्हणाल्या. "खोटं सांगत नाही. पण माझी खोली पलीकडच्या बाजूला आहे. तिथं दोन टेबलं बसतात. काट्याच्या डिस्प्लेची वायर तिथपर्यंत पुरेल का?"

वायर पुरत नव्हती. वायरमनला फोन करून तो येईपर्यंत आम्ही दोघींनी टेबल ओढून नेलं, दारात अडकलं, तिरकं केलं, मॅडमचं बोट चेंगरलं. संध्याकाळी त्या खोलीतून मी नव्या जिनिंगच्या मालकाला फोन लावला आणि सांगितलं की मी येत नाही.

"अहो, कमी वाटतंय का? वाढवून देतो," ते म्हणाले. "आकडा बोला तुम्ही."

"आकड्याचं नाही," मी म्हणाले, आणि पुढचं सांगणार तेवढ्यात टेबल ओढताना उडालेल्या धुळीनं मला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. पलीकडून ते म्हणत होते, "हॅलो? हॅलो? रेंज जातेय तुमची."